ताईची तिरकी व्हॅन

माझ्या थोरल्या बहिणीने गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला, आणि त्या आनंदाचा सगळा त्रास तिला झाला.

ताई अंबरनाथ पूर्वेला एका शाळेत गणित शिकवायची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचे दोन्ही पाय अधू होते. कुबड्या घेऊन ती दहा-वीस पावलं चालायची, त्यापुढे चाकाची खुर्ची. शाळेत न्यायला-आणायला एक रिक्षावाला लावलेला होता. तो आठवड्यातून दोनदा उशिरा यायचा आणि प्रत्येक वेळी त्याच्या नात्यातलं कुणीतरी आजारी असायचं, नाहीतर वारलेलं असायचं. एकदा त्याने आपल्या आजोबांना दुसऱ्यांदा मारलं, तेव्हा ताई म्हणाली, "बस्स झालं. आता मी माझी गाडी घेणार."

दोन हजार साल उलटून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. तिने शाळेतल्याच एका सरांच्या ओळखीतून जुनी व्हॅन घेतली आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका गॅरेजमध्ये ती हाताने चालवता येईल अशी करून घेतली. गॅरेजचे मालक साठीचे सिंधी गृहस्थ होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी स्टिअरिंगखाली एक दांडा बसवला. तो पुढे ढकलला की ब्रेक लागायचा, खाली दाबला की वेग वाढायचा. क्लचसाठी गिअरच्या दांड्याला सायकलच्या ब्रेकसारखी मूठ. ताई महिनाभरात शिकली, तिचं लायसन्स झालं. इथपर्यंत सगळं नीट होतं, कारण इथपर्यंत मी त्यात हात घातला नव्हता.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी खात्यात होतो. दिवसभर लोकांनी बनवलेले भाग मोजून नापास करायचे, हे माझं काम. अशा माणसाला घरात गाडी आल्यावर गप्प बसवत नाही. मी जाहीर केलं की ताईची खुर्ची मागच्या दारातून चढवायला लोखंडी फळी पाहिजे. दोन माणसं खुर्ची सहज उचलत होती, पण मी ऐकलं नाही. मी ड्रॉइंग काढलं, अँगल आणले, वेल्डिंग करून घेतलं. त्या फळीवरून बैल चढला असता.

ताईने फळी बघितली. "या फळीवरून खुर्ची चढवायला एक माणूस लागतो," ती म्हणाली, "आणि ही फळी उचलायला दोन. बरोबर ना, इंजिनिअरसाहेब?"

इंजिनिअरसाहेब हे तिने मला दिलेलं नाव. कौतुकाने तिने ते आजवर एकदाही वापरलेलं नाही.

फळी कायमची गाडीतच राहिली आणि तिच्या वजनाने गाडीची मागची बाजू खाली बसली. प्रत्येक स्पीडब्रेकरवर खालून खर्रर्र आवाज यायचा. मग मी दुसरा उपाय काढला. या व्हॅनचा मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, लोखंडी पाट्यांच्या कमानीवर बसवलेला असतो. दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकला की गाडी मागून उचलली जाते. काका म्हणाले, "फळी काढून टाक ना, सोपा काम." पण फळीवर माझी इज्जत चढलेली होती. मी म्हटलं, "नाही काका, पाटा टाकू."

पाटे टाकले. गाडी मागून छान उचलली गेली. मी आईला खाली बोलावून दाखवलीसुद्धा. आई म्हणाली, "उंच झाली रे," आणि वर निघून गेली.

तिसऱ्या दिवशी ताई शाळेतून आली ती गंभीर चेहऱ्याने.

"गाडी तिरकी चालते."

"म्हणजे?"

"म्हणजे मी सरळ जाताना मला स्टिअरिंग जरासं डावीकडे धरून ठेवावं लागतं. आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे बाहेर राहतो. आज भाजीच्या हातगाडीजवळून गेले. पुढचं चाक नीट गेलं, मागून मात्र टोमॅटोची पाटी खाली आली."

"तुझा हात अजून बसला नाही, ताई."

"पाटे टाकायच्या आधी बसला होता. नंतर उठला?"

"सुरुवातीला होतं असं," मी म्हटलं. क्वालिटी खात्यात आम्ही सप्लायरचं हे वाक्य ऐकून घेत नाही. घरात मी ते स्वतःच वापरलं.

पुढचा आठवडाभर ती मला एकेक पुरावा देत राहिली आणि मी तो नापास करत राहिलो. रविवारी ती विहारात जाताना शेजारच्या दोन आज्यांना बरोबर घेऊन गेली. परत आल्यावर त्यातली एक मला म्हणाली, "बाळा, तुझी ताई चालवते ग्वाड, पन गाडी खेकड्यासारखी जाते रं." मी म्हटलं, "आजी, तुम्ही एका बाजूला बसला असाल." आजीने स्वतःच्या अंगाकडे एकदा पाहिलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. नंतर महिनाभर तिने माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही.

शेवटी ताई मला घेऊन कॅम्प तीनला गेली. तक्रार काकांकडे करायची, असं तिचं म्हणणं. काकांनी गाडी गल्लीत थोडी पुढेमागे करून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, गाडी सीधी आहे. आमच्या उल्हासनगरचा रस्ता टेढा आहे."

"बरोबर!" मी म्हटलं.

ताईने मान वळवली. ती गल्लीकडे बघत होती. तिथे ओळीने जीन्स शिवायची आणि धुवायची दुकानं. एका दुकानासमोर कुणीतरी नुकत्याच धुतलेल्या पँटी पिळल्या होत्या, आणि रस्त्यावर निळ्याशार पाण्याचं थारोळं साचलं होतं. पुढचा रस्ता सिमेंटचा, कोरडा आणि फिका.

"तुम्ही दोघं इथे उभे राहा," ती म्हणाली. तिने पुन्हा स्टिअरिंगमागे बसून गाडी चालू केली, त्या निळ्या पाण्यातून सावकाश सरळ नेली आणि पन्नास पावलांवर थांबवली. मग खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "या आता. बघा."

सिमेंटवर चाकांच्या निळ्या रेघा उमटल्या होत्या. सरळ गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेवरूनच जातात, म्हणजे जवळजवळ दोनच रेघा दिसायला हव्यात. इथे चार होत्या. डाव्या बाजूला मागच्या चाकाची रेघ पुढच्याच्या बाहेर, आणि उजव्या बाजूला तितकीच आत. चांगली दोन बोटं.

काका खाली बसले. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं, निळं झालेलं बोट पँटीला पुसलं आणि वर बघितलं. "रस्ता टेढा नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "अब तू बोल."

मी म्हटलं, "मागचा अ‍ॅक्सल फिरलाय."

"एवढंच मी आठ दिवस सांगत होते," ताई म्हणाली.

दुकानातला शिंपी, गिऱ्हाईक, समोरचा चहावाला, सगळे रेघा बघायला जमले. एकाने विचारलं, "कसली शूटिंग चालू आहे?"

ती सुट्टीची दुपार होती, बाजार थंड होता. गॅरेजची जमीन खड्ड्याखड्ड्यांची, म्हणून काकांनी गाडी रस्त्यावरच एका बंद दुकानासमोरच्या सपाट जागेत लावली. गाडीतून उतरून ताई चाकाच्या खुर्चीत मधोमध बसली आणि तिचा वर्ग सुरू झाला. मी खिशातून व्हर्नियर काढला. हे यंत्र केसाएवढं अंतर मोजतं आणि माझ्या खिशात ते नेहमी असायचं.

"त्याने गाडी मोजणार आहेस?" ताईने विचारलं.

मी तो परत खिशात घातला.

पद्धत काकांना माहीत होती. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पुढच्या भागात डावी-उजवीकडे एकसारखी दोन भोकं असतात. त्यातून ओळंबा सोडायचा आणि तो टेकेल तिथे जमिनीवर खडूची खूण करायची. मागे अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांनाही तसंच. मग गाडी ढकलून बाजूला केली की जमिनीवर चार ठिपके उरतात. ओळंब्याला दोरा हवा होता. शिंप्याने जीन्सच्या जाड पिवळ्या दोऱ्याचं अख्खं रीळ दिलं. वजन म्हणून काकांनी एक नट बांधला.

आम्ही चार ठिपके काढले आणि गाडी ढकलली. मी टेप धरली, काकांनी दुसरं टोक. मी आकडे ओरडायचो, ताई पाटीसारख्या पुठ्ठ्यावर लिहायची. डावी बाजू, उजवी बाजू, मग दोन कर्ण.

ताईने आकडे बघितले आणि कपाळाला आठी घातली. "हे आकडे जुळतच नाहीत. असा चौकोन जगात होऊ शकत नाही. कर्ण एवढा लांब असेल तर बाजू एवढी आखूड कशी?"

"मी नीट मोजलंय," मी म्हटलं.

"टेप दाखव."

टेपचा पहिला दोन इंचाचा तुकडा कधीचाच तुटून गेला होता. काकांना ते माहीत होतं, ते नेहमी दोन वजा करायचे, आणि मलाही त्यांनी तसं सांगितलं होतं. मी तीन वेळा वजा केलं होतं आणि चौथ्या वेळी विसरलो होतो.

"क्वालिटी खातं," ताई गर्दीकडे बघून म्हणाली. शिंपी हसला. चहावालाही हसला, आणि त्याला तर क्वालिटी खातं म्हणजे काय हेही माहीत नव्हतं.

पुन्हा मोजलं. आता आकडे शहाणे झाले. डावी बाजू उजवीपेक्षा बरोबर एक इंचाने जास्त. म्हणजे डावं मागचं चाक जिथे हवं त्याच्या इंचभर मागे बसलं होतं.

"आयत पाहिजे होता," ताई म्हणाली, "हा समलंब चौकोन झालाय. आठवीच्या पोरांना दाखवायला पाहिजे होता."

काकांनी गाडी जॅकवर घेतली आणि डाव्या बाजूखाली आडवे झाले. मीही शेजारी आडवा झालो. पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो. त्याचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात बसलं की सगळं जागच्या जागी राहतं, आणि मग वरून मोठे यू-बोल्ट आवळायचे. काकांनी यू-बोल्ट सैल केले आणि बॅटरी मारली. जादा पाट्यासाठी घातलेल्या नव्या, लांब बोल्टचं डोकं भोकाच्या बाहेर, एका बाजूला टेकलेलं होतं. धातूवर घासल्याची चकचकीत खूण दिसत होती.

ती खूण कुणाची, ते मी लगेच ओळखलं. पाटे टाकले त्या दिवशी उजवी बाजू काकांनी केली होती. डावी करायच्या आधी ते जेवायला गेले होते, "मी येईपर्यंत हात लावू नको" असं सांगून. आणि मी हात लावला होता. बोल्ट भोकात जात नव्हता, तरी मी जोर लावून यू-बोल्ट आवळले आणि काका आले तेव्हा ऐटीत सांगितलं, "झालं काका, डावी मी केली."

गाडीखाली आमची दोघांची डोकी वीतभर अंतरावर होती. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

बाहेरून ताईचा आवाज आला, "काय सापडलं?"

मी उगाच पाना पुसायला लागलो.

काका म्हणाले, "बोल्ट का सर बड़ा है, मॅडम. छेद छोटा. बाजारात असाच माल येतो आजकल." आणि मग अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं, "गधा."

त्यांनी बोल्टचं डोकं ग्राइंडरवर घासून लहान केलं. मग मला पहार दिली. मी अ‍ॅक्सल पुढे रेटला, काकांनी खालून पाटा हलवला आणि खट्ट आवाज करून डोकं भोकात बसलं. तो आवाज इतका साधा होता की मला लाज वाटली. आठ दिवसांचं भांडण आणि टोमॅटोची पाटी, सगळं त्या एका खट्टपाशी अडलं होतं.

पुन्हा ठिपके, पुन्हा दोरा. या वेळी टेपचे दोन इंच वजा करायचं काम ताईने स्वतःकडे घेतलं. फरक तीन मिलिमीटर आला.

"तीन का?" तिने विचारलं.

"मॅडम, ये गाड़ी है, भूमिती नहीं," काका म्हणाले.

"दोन करून द्या."

काकांनी डोक्याला हात लावला, परत खाली गेले, नट सैल केले, काहीतरी ठोकलं आणि पुन्हा आवळलं. दोन आला. ताईने पुठ्ठ्यावर सगळे आकडे नीट लिहिले, खाली रेघ मारली आणि पुठ्ठा काकांना दिला. काकांनी तो गॅरेजच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या खाली लावला. पुढे कितीतरी महिने तो तिथे होता. येणाऱ्या गिऱ्हाइकांना काका सांगायचे, "एक टीचर आहे, तिने गाडी पास केली."

शिंप्याने दोऱ्याचं रीळ परत घेतलं नाही, ते ताईलाच देऊन टाकलं.

परतीच्या वाटेवर ताईच चालवत होती. अंबरनाथच्या दिशेने सरळ रस्ता लागला तशी तिने स्टिअरिंगवरचा हात उचलला आणि बोटं हवेत धरली. गाडी रेघेसारखी सरळ गेली. मी "ताई, हात!" असं ओरडलो. तिने आरामात हात खाली ठेवला.

मला आणखी राहवेना. "ताई, डावी बाजू मी आवळली होती. काका जेवायला गेले होते तेव्हा."

"माहीत आहे."

"कसं?"

"गाडीखालून तू बाहेर आलास तेव्हा तुझे कान लाल होते. लहानपणी दुधाचं पातेलं सांडायचास तेव्हाही व्हायचे. शिवाय काका माझ्याशी खोटं बोलताना छताकडे बघतात, आणि आज ते गाडीखालून बाहेर आल्यावर सरळ आभाळाकडे बघत होते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू सांगतोस का, ते बघायचं होतं. आणि चारचौघांत कशाला?" मग गिअर बदलत, "सांगितलंस ते बरं केलंस." एवढ्यावर थांबली असती तर ती ताई कसली. "आता ती फळी काढ."

मी दुसऱ्याच दिवशी फळी काढली. भंगारवाला वजन करून खूश झाला.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "चल, बदलापूरला जाऊन येऊ." मला वाटलं, गाडीची चाचणी असेल. ती मात्र सोनिवलीकडे वळली. तिथे शेतांच्या कडेने नव्या इमारती उभ्या राहत होत्या. एका अर्धवट इमारतीसमोर तिने गाडी लावली आणि म्हणाली, "तळमजल्यावरचा फ्लॅट बघते आहे. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी? आपण सगळे इथे राहायला..."

"आपण सगळे नाही. मी."

तिच्या दाराला उंबरा किती उंच असेल, पाणी कोण भरेल, असं काहीबाही तोंडात आलं. ती छत्तीस वर्षांची होती, रोज साठ पोरांचा वर्ग सांभाळत होती, आणि मला पहिल्यांदा कळत होतं की गाडी घ्यायचं तिने रिक्षावाल्याच्या आजोबांमुळे ठरवलंच नव्हतं. तिला बरंच पुढचं दिसत होतं. मला फक्त गाडी दिसली होती.

"आईला सांगितलंस?"

"आईनेच ही इमारत शोधली. तिच्या मावसबहिणीची मुलगी मागच्या गल्लीत राहते."

म्हणजे घरात एकटा मीच होतो ज्याला माहीत नव्हतं. बिल्डरचा माणूस आला, त्याने ताईची खुर्ची धरली आणि ते दोघं आत गेले. मला तिने सांगितलं, "तोवर गाडी वळवून ठेव."

मला काय, मी गाडी चालवणारा माणूस. मी तिच्या जागेवर बसलो. पायाखालचे पेडल होते तिथेच होते, पण म्हटलं, हाताने चालवून बघू, ती चालवते तर मी का नाही. दांडा खाली दाबला, मूठ सोडली आणि गाडीने उडी मारली. मी घाबरून ब्रेकसाठी दांडा पुढे ढकलायच्या ऐवजी आणखी खाली दाबला. व्हॅन थेट बांधकामाच्या रेतीच्या ढिगात चढली आणि नाक वर करून बंद पडली.

चार गवंडी हातातलं काम टाकून धावत आले. त्यातला एक वयस्कर, आगरी बोलीत म्हणाला, "अरं, तुला चालवायला येत नाय त बसलास कशाला?" मी म्हटलं, "येते, पण ही वेगळी आहे." तो म्हणाला, "तुझी भैन तर मगाशी बरोबर लावून गेली."

त्यांनी ढकलून गाडी काढली. मी कपड्यांवरची रेती झटकत इमारतीकडे बघितलं. तळमजल्याच्या न लावलेल्या खिडकीच्या चौकटीत ताई खुर्चीत बसली होती. तोंडावर पदर धरून हसत होती, आणि बिल्डरचा माणूस तिला स्वयंपाकघर दाखवायचं सोडून माझ्याकडे बघत उभा होता.

"हवेशीर आहे खोली!" तिने तिथूनच ओरडून सांगितलं. "मी घेतेय!"

दिवाळीनंतर ती तिथे राहायला गेली. सामान त्याच व्हॅनमधून तीन खेपांत गेलं. चालवायला ती होती, उचलायला मी.